गुरूच शिष्यांचे पाय धुतो तेव्हा: ख्रिस्ती जीवनातली सेवा आणि त्याग, सोप्या भाषेत

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले आणि त्या आठवड्यात त्यांचे जुने फोटो मोबाइलवर पुन्हा फिरू लागले. सगळ्यांत जास्त फिरला तो तुरुंगातला. पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा माणूस गुडघे टेकून कैद्याच्या पायावर पाणी ओततो, पाय पुसतो आणि वाकून त्याचं चुंबन घेतो. सिंधुदुर्गात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं थोडी, शेजार सगळा मिश्र. त्यामुळे तो फोटो पाहून ओळखीच्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, हे काय असतं? जगातला एवढा मोठा धर्मगुरू कैद्यांचे पाय का धुतो? मनापासून करतो की फोटोपुरतं?

आधी माहिती. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारला आम्ही पवित्र गुरुवार म्हणतो. त्या संध्याकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू काही लोकांचे पाय धुतात. प्रथा फार जुनी आहे. संध्याकाळच्या मिस्सात तिला आजचं स्थान मिळालं ते १९५५ साली पोप बारावे पायस यांनी केलेल्या सुधारणेनं. फ्रान्सिस यांनी २०१३ साली, पोप झाल्यावर दोनच आठवड्यांनी, हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात नेला. तिथल्या बारा जणांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. २०१६ मध्ये निर्वासितांच्या छावणीत पाय धुतले, त्यांत भारतातला एक हिंदू माणूस होता. २०२४ मध्ये व्हीलचेअरवर बसून बारा महिला कैद्यांचे धुतले. मृत्यूच्या चार दिवस आधी, १७ एप्रिल २०२५ ला, ते पुन्हा तुरुंगात गेले. पाय धुण्याची ताकद उरली नव्हती; तसं त्यांनी कैद्यांना सांगितलं आणि नुसतेच त्यांच्यात जाऊन थांबले.

फोटो एवढंच सांगतो. त्यामागचा विचार फोटोत मावत नाही.

### त्या रात्री नेमकं काय झालं

येशूचं चरित्र आणि शिकवण सांगणारे चार ग्रंथ आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ही हकिगत आहे. येशूला ज्या रात्री पकडलं गेलं त्याच रात्रीचं जेवण. तिथले रस्ते धुळीचे, पायांत उघड्या वहाणा. जेवायला बसण्याआधी पाय धुवायचे, आणि हे काम घरातल्या सगळ्यांत खालच्या दासाचं. येशू जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागला.

मराठी माणसाला यातला धक्का पटकन कळावा. आपल्याकडे बाहेरून आलेल्याला पाय धुवायला पाणी देतात, ते आदरातिथ्य झालं. पण हात लावून पाय धुतो तो लहान, आणि ज्याचे धुतले जातात तो मोठा. शिष्य गुरूचे धुतो, सून सासऱ्यांचे धुते, लग्नात वधूपिता जावयाचे धुतो. इथे गुरूच खाली बसला आहे.

त्या अध्यायात दोन गोष्टी आहेत ज्या वाचताना निसटतात. पहिली, पाय धुवायला उठण्याच्या आधीचं वाक्य: पित्यानं, म्हणजे देवानं, सगळं आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं. म्हणजे तो वाकला तो स्वतःला कमी समजून नव्हे. आपण कोण आहोत हे पक्कं माहीत असलेला माणूस वाकतो आहे. पाय धुऊन झाल्यावरही तो म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. अधिकार त्यानं नाकारला नाही. दुसरी गोष्ट, यहूदा तिथेच होता. थोड्या वेळानं उठून जो त्याला पकडून देणार होता त्याचेही पाय त्याच गंगाळात धुतले गेले. मला या हकिगतीतलं सगळ्यांत अवघड हेच वाटतं.

### मोठा कोण?

ही कृती अचानक झाली नव्हती. मार्काच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे दोघे भाऊ, धंद्यानं मासेमारीच करणारे, येशूकडे येऊन मागणी करतात: तुझं राज्य आलं की आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. बाकीचे दहा जण चिडतात, कारण तीच जागा त्यांनाही हवी असणार. तेव्हा येशू सांगतो की जगातले सत्ताधारी लोकांवर हुकमत गाजवतात, पण तुमच्यात तसं चालायचं नाही. ज्याला मोठं व्हायचं आहे त्यानं सेवक व्हावं. पुढे स्वतःबद्दल सांगतो की मी सेवा करून घ्यायला आलो नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव द्यायला आलो आहे.

लूक तर सांगतो की शेवटच्या जेवणाच्या पंगतीतही शिष्यांचा हाच वाद चालला होता. ख्रिस्ती माणसांना सेवा उपजत येते असा कोणाचा समज असेल तर त्यानं हे प्रसंग जरूर वाचावेत. तीन वर्षं बरोबर फिरूनही शिष्यांना ते आलं नव्हतं.

### म्होरक्या दोर धरतो

आता या सेवक-नेतृत्वाचा अर्थ व्यवहारात काय? मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण पाहिली असेल तर समजायला सोपं जाईल. होडी जाळं टाकत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि परत किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि माणसं दोन रांगांत उभी राहून ते ओढतात. जाळं कधी टाकायचं, पाण्यावर मासळीची चाहूल कुठे आहे, कुठली बाजू सैल सोडायची आणि कुठली ताणायची, हे ठरवणारा एक जाणता असतो. त्याचा शब्द मानावा लागतो, नाहीतर जाळं फाटतं आणि मासळी निसटते. पण तो माडाखाली बसून हुकूम सोडत नाही. त्याच्याही खांद्यावर दोर असतो आणि पाय वाळूत रुतलेले असतात.

सेवक-नेता म्हणजे निर्णय न घेणारा, सगळ्यांना होकार देणारा, कोणाला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहणारा माणूस, असा गैरसमज होतो. येशूनं देवळातल्या दलालांचे चौरंग उलथले होते आणि पेत्र या आपल्या शिष्याला तोंडावर कडक शब्दांत सुनावलं होतं. अधिकार वापरायचाच, पण ज्यांच्यावर अधिकार आहे त्यांच्या भल्यासाठी वापरायचा आणि त्याची झळ आधी स्वतः सोसायची.

रापणीची उपमा एका जागी अपुरी पडते. जाळं ओढून झालं की जाणत्यालाही त्याचा वाटा मिळतो. येशूनं आपला वाटा सोडला. सेवेच्या पुढे त्याग सुरू होतो तो इथे.

### त्याग म्हणजे नेमकं काय सोडायचं?

येशूची शिकवण गावोगाव नेणाऱ्या संत पौलानं तुरुंगातून फिलिप्पै गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, पत्र लिहिलं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही. त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं आणि मरण, तेही क्रुसावरचं मरण, पत्करलं. क्रूस ही रोमन राज्यात दासांना आणि बंडखोरांना देण्याची शिक्षा. या स्वतःला रिक्त करण्याला धर्मशास्त्रात केनोसिस म्हणतात. आपल्या हक्काचं जे आहे ते दुसऱ्यासाठी आपणहून मोकळं करणं, एवढा त्याचा अर्थ लक्षात ठेवला तरी पुरे.

एवढा उंच विचार पौल कोणाला सांगतोय? आपसात कुरबुरी असलेल्या एका लहानशा मंडळीला. त्याच पत्रात पुढे युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना तो नावानिशी विनवतो की एकमेकींशी जुळवून घ्या. दोघीही कामसू, दोघींनीही त्याच्याबरोबर कष्ट केलेले. चर्चच्या सणाच्या तयारीत कोणाचा शब्द चालणार यावरून बिनसलेल्या दोन माणसांना आजही हेच वचन वाचून दाखवावं लागतं.

आपल्या किनाऱ्यानं या त्यागाची मोठी माणसं पाहिली आहेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते. चांगला चाललेला व्यापार सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनी कधी घेतली नाही. जपानी भाषा येत होती म्हणून दुभाषे होऊन तिकडे गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं.

गोव्यातल्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ यांची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात तलवार नाही, रोजचं काम आहे. श्रीलंकेचा किनारा तेव्हा डचांच्या ताब्यात होता आणि कॅथलिक उपासनेवर बंदी होती. वाझ १६८७ साली मजुराच्या वेशात तिथे पोचले. कॅंडीत त्यांना हेर समजून कैद झाली. १६९७ मध्ये त्या शहरात देवीची साथ आली. लोक घरच्या आजाऱ्यांना टाकून पळाले. वाझ पळाले नाहीत. टाकून दिलेल्यांना त्यांनी उचलून आणलं, जखमा धुतल्या, जेवू घातलं, मेलेल्यांना पुरलं. रुग्ण कुठल्या धर्माचा हे न बघता. १७११ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. २०१५ साली कोलंबोत जाऊन त्यांना संत घोषित करणारे पोप म्हणजे फ्रान्सिसच.

बहुतेकांच्या वाट्याला नागासाकी येत नाही, कॅंडीही येत नाही. पौल रोमकरांना लिहितो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. जिवंत, म्हणजे रोज उठून पुन्हा. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस दर दोन-तीन तासांनी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून चादरीची सुरकुतीसुद्धा काढायची, आणि ती ओरडली तरी संध्याकाळी तिच्याजवळ बसून रोझरीची प्रार्थना म्हणायची. माझ्या ओळखीत हे वर्षानुवर्षं करणारे आहेत. त्यांचे फोटो फिरत नाहीत.

### हे तर कंपनीच्या ट्रेनिंगमध्येही सांगतात

खरं आहे. रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांनी १९७० साली ‘सर्व्हंट लीडरशिप’ची कल्पना व्यवस्थापनात आणली आणि ती जगभर गेली. साहेबानं हाताखालच्यांचं ऐकावं, त्यांना वाढू द्यावं, हे चांगलंच आहे. पण तिथे सेवेचा हिशेब शेवटी कामाच्या निकालावर येतो. ख्रिस्ती विचारात निकालाची हमी नाही. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी येशूजवळ दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. बहुतेक शिष्य पळाले होते. तरीही आम्ही त्या दिवसाला अपयश म्हणत नाही.

### मग मुकाट्यानं मार खायचा का?

सगळ्यांत महत्त्वाची शंका हीच, आणि चर्चनं तिचं उत्तर अनेकदा चुकीचं दिलं आहे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला ‘तुझा क्रूस समजून सोस’ असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण सल्ला वाईटच आहे, आणि शुभवर्तमानाला धरूनही नाही.

पाय धुण्याच्या त्या हकिगतीत कोण वाकतो ते बघा. ज्याच्या हाती सगळं होतं तो. त्यानं घरातल्या दासाला बोलावून ‘आणखी वाक’ असं म्हटलं नाही. ख्रिस्ती त्यागाची दिशा वरून खाली आहे. ज्याच्याकडे ताकद, पैसा, पद किंवा आवाज आहे त्यानं तो दुसऱ्यासाठी खर्च करायचा. आधीच दबलेल्या माणसाला ‘येशूसारखा हो’ म्हणून आणखी दाबणं ही ती शिकवण उलटी टांगणं झालं. त्या घरात येशूसारखं वागण्याची पाळी नवऱ्याची आहे.

शिवाय येशू म्हणतो, माझा जीव कोणी माझ्यापासून हिरावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. आपण होऊन दिलेला आणि ओरबाडून घेतलेला, यांतल्या दुसऱ्याला त्याग म्हणता येत नाही. चौकशीच्या वेळी शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशूनं त्याला विचारलं होतं, मी खरं बोललो असेन तर मला का मारतोस? पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानंही आपलं रोमन नागरिकत्व पुढे केलं: चौकशी न करता रोमन माणसाला मारणं कायद्यात बसतं का? कायद्याचा आधार घेण्यात भक्ती कमी पडते असं त्याला वाटलं नाही. म्हणून घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करणं, पोलिसांकडे जाणं, घर सोडणं यांत कुठलंही पाप नाही. आणि ती बाई दाराशी आली तर तिला आसरा देणं हे मंडळीचं काम आहे.

थकव्याचंही तसंच. दिवसरात्र दुसऱ्यांसाठी राबून आजारी पडणारी माणसं चर्चमध्ये खूप असतात आणि आम्ही त्यांचं कौतुक करतो. येशू गर्दी सोडून एकांतात जात असे, शिष्यांनाही थोडा विसावा घ्या म्हणाला होता.

### सेवेच्या आडून धर्मांतर?

कोकणात हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, तेव्हा उघड उत्तर द्यावं. औषध, शाळा किंवा तांदूळ देताना ‘आमच्यात ये’ अशी अट घातली तर तो सौदा झाला, आणि येशूच्या शिकवणीनंच तो चूक ठरतो. तुम्हाला फुकट मिळालं, फुकट द्या, असं तो शिष्यांना सांगतो. त्यानं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला, तोही परक्या पंथाचा शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांचा आजार काही परत आला नाही.

आमची श्रद्धा आम्ही लपवावी असं मात्र मी म्हणणार नाही. विचारलं तर सांगायचं, पण मदत त्यावर टांगून ठेवायची नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, आणि वसईची हिरवळ आणि पाणी वाचवण्यासाठी हरित वसईच्या लढ्यातही पुढे होते. तिथल्या विहिरींचं पाणी काही फक्त ख्रिस्ती घरांत जात नव्हतं. २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना विरोधही झाला. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्यासाठी रडणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते.

### पण चर्चमध्ये तरी असं दिसतं का?

नेहमी नाही. सहाव्या शतकातले पोप पहिले ग्रेगरी स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवत, आणि ती पदवी पोप आजही वापरतात. त्याच परंपरेत सत्तेसाठी भांडणारे पोपही होऊन गेले. आपल्याकडेही फादरांपुढे शब्द काढायचा नाही अशी सवय आहे. पाळकाच्या किंवा पंच कमिटीच्या हाती चर्चच्या जमिनीचा आणि शाळेचा कारभार असला की हिशेब विचारणाऱ्याला मंडळीत फूट पाडणारा ठरवलं जातं.

मुलांवरचे लैंगिक अत्याचार वर्षानुवर्षं दडवले गेले ते याच वळणानं. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सगळ्या कॅथलिक लोकांना पत्र लिहून त्याचा संबंध धर्मगुरूंना डोक्यावर बसवण्याच्या वृत्तीशी जोडला, आणि ती वृत्ती सामान्य लोकही पोसतात असं स्पष्ट लिहिलं. म्हणून हिशेब मागणं, मुलांच्या सुरक्षेचे नियम लावून घेणं, फादरांना नम्रपणे पण तोंडावर प्रश्न विचारणं हे सेवेतच मोडतं. वर्षातून एकदा पाय धुणाऱ्या धर्मगुरूला उरलेलं वर्षभर त्या विधीची आठवण करून देणारी माणसं लागतात.

याच किनाऱ्यावरचं एक उलट उदाहरणही आहे. कवी नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, मिशनमध्ये नोकरी केली, मान मिळाला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याची दीक्षा, घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले. संस्था मोठी झाली नाही, पण पगार आणि पद हातात असताना ते सोडणारा माणूस कसा असतो ते लोकांनी पाहिलं.

### सेवा करून घेणं का जड जातं?

एका पवित्र गुरुवारी आमच्याकडे बारा जणांत एक वयस्क रापणकार होते. खुर्चीवर बसले, पण फादर परात आणि तांब्या घेऊन समोर आले तसे त्यांनी पाय मागे ओढले. म्हणाले, “फादर, माजे पाय रवांदेत. भेगो पडल्यात, बरां दिसाचां नाय.” टाचांच्या भेगांत वाळू अजून होती. फादर म्हणाले, “काका, पेत्र पण असंच म्हणाला होता.”

खरंच तसंच म्हणाला होता. माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस, असं पेत्रानं बजावलं. येशूचं उत्तर होतं, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. द्यायला आपल्याला आवडतं, कारण देताना आपण वर असतो. घेताना आपली गरज उघडी पडते. जन्मभर घर ओढलेली आपल्या गावांतली म्हातारी माणसं, मुलं मुंबईला, आणि आता दुसऱ्याच्या हातून अंघोळ करून घ्यायची वेळ आली की ओशाळतात, चिडतात, काही जण जेवण सोडतात. त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे ओळखायला हवं. अंग पुसण्याआधी विचारावं, दार ओढून घ्यावं, त्यांच्या हाताला जमेल तेवढं त्यांनाच करू द्यावं. मीठ-मसाल्याचा, विहिरीचा, कुळागराचा सल्ला त्यांच्याकडे मागावा आणि तो पाळावा. पाय धुऊन झाल्यावर येशू ‘तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा’ म्हणाला. एकमेकांचे, म्हणजे प्रत्येकाची बसायची पाळीही येणार.

२०१६ साली व्हॅटिकननं या विधीचे नियम बदलले. तोवर नियम फक्त पुरुषांना निवडण्याचा होता. आता स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, धडधाकट आणि आजारी, सगळ्यांमधून माणसं निवडावीत असं ठरलं आहे. तेव्हा पुढच्या पवित्र गुरुवारी तुमच्या चर्चमध्ये नावं काढाल, तेव्हा दरवर्षीचे तेच कमिटीवाले बसवू नका. अंथरुणातून उठू न शकणाऱ्या कोणाचं नाव यादीत असेल तर मिस्सा झाल्यावर परात घेऊन त्यांच्या घरी जा, आणि जाण्याआधी त्यांना चालेल का ते विचारा.